'आळसामुळे' ऐवजी 'शांत स्वभावामुळे' असे वाचावे

शौनकला नोकरी लागली.

असं काही झालेलं नाही. गुरुवारी लागली होती हे खरं, पण शुक्रवारी संध्याकाळी घरात ठरलं की ती लागलीच नव्हती. त्याच्या आईने, म्हणजे इरावतीने, फॅमिली ग्रुपवरचा 'लेकाने नाव काढलं' हा मेसेज डिलीट केला. पेढे मात्र डिलीट करता येईनात, कारण ते मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीतल्या बहुतेकांच्या पोटात होते. तेव्हा ते पेढे नव्या फ्रिजचे होते असं तिने समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं. मग समोरची मंडळी फ्रिज बघायला आली. इरावतीने जुन्याच फ्रिजवर चादर टाकली आणि मुहूर्तापर्यंत तो उघडायचा नाही असं जाहीर केलं. घरातलं दूध त्या दिवसापासून नासत होतं आणि चहा कोरा चालला होता.

अशा परिस्थितीत रविवारी, जेवणं आटोपल्यावर, नानांकडे बैठक भरली.

नाना म्हणजे इरावतीचे वडील, विद्याधर मेहेंदळे, निवृत्त मुख्याध्यापक. राहायचे शेजारच्याच इमारतीत. बैठकीचं कारण तेच होते, पण ते यजमानही असल्यामुळे त्यांना कोणी थेट आरोपी म्हणत नव्हतं. ते आरामखुर्चीत बडीशेप चघळत बसले होते आणि सगळ्यांची विचारपूस करत होते. शौनक आतल्या खोलीत झोपला होता. निदान दार लोटलेलं होतं, आणि रविवारी दुपारी लोटलेल्या दाराचा त्या घरात दुसरा अर्थ नव्हता.

जी नोकरी लागली नव्हती ती अंधेरीच्या एका कंपनीत होती. ही कंपनी ऑफिसांना खुर्च्या भाड्याने देते. शौनकचं पद 'सीटिंग कन्सल्टंट' असं होतं आणि त्यात दिवसभर उभं राहावं लागणार होतं. त्याची पदवी जिऑलॉजीची. ती घेऊन तो वर्षाहून जास्त काळ घरी होता. या काळात लग्नामुंजीत त्याला 'सध्या काय चाललंय?' एवढा एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि हल्ली तो कार्यालयात शिरताच थेट पंगतीत वाढायला लागायचा, कारण वाढप्याला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे खुर्च्या तर खुर्च्या. त्याला ती नोकरी मनापासून हवी होती.

मंगळवारी मुलाखतीतच कंपनीने फक्त एक गोष्ट मागितली होती. उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाने त्याच्या चारित्र्याविषयी चार ओळी लिहून द्याव्यात. शौनक नानांच्याच शाळेत शिकलेला. त्याने नानांचं नाव दिलं. त्याचं आडनाव सावंत, नानांचं मेहेंदळे, त्यामुळे कंपनीतल्या कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

"वाच," इरावती मिहिरला म्हणाली. "मोठ्याने वाच. एकदा सगळ्यांना कळू दे."

मिहिर तिचा धाकटा भाऊ. घाटकोपरला स्टेशनजवळ त्याचा 'यशस्वी मुलाखत' नावाचा क्लास होता. तिथे तो मुलांना हात कसा मिळवायचा ते शिकवायचा. मागच्या दिवाळीत त्याने नानांशी तसा हात मिळवला, तेव्हा नानांनी त्याला ताप आहे का म्हणून विचारलं होतं. त्याने कंपनीकडून परत आलेला नानांचा दाखला मोबाईलवर उघडला आणि घसा साफ केला.

"'शौनक चंद्रप्रकाश सावंत यास मी तो पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तो माझा नातू आहे, हे प्रथमच नमूद करतो.'"

"गेलं," इरावती म्हणाली. "पहिल्याच वाक्यात गेलं."

"'तो खोटे बोलत नाही मात्र हे सत्यप्रियतेमुळे की आळसामुळे...'"

"'नाही'नंतर अर्धविराम आहे," नाना म्हणाले. "तिथे थांब."

मिहिर थांबला. बराच वेळ थांबला. मग पुढे वाचू लागला. "'...सत्यप्रियतेमुळे की आळसामुळे, याविषयी माझे मत अद्याप बनलेले नाही. सकाळी उठत नाही. उठल्यावर लगेच उपयोगी पडत नाही. हाती घेतलेले काम तो पूर्ण करतो, परंतु काम हाती घेत नाही. वृद्धांशी प्रेमाने वागतो. खुर्चीविषयी त्याला आस्था आहे, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.'"

"हे शेवटचं मी मुद्दाम घातलं," नाना म्हणाले. "त्यांच्या धंद्याला धरून."

कंपनीतल्या रुचिरा नावाच्या मुलीने शुक्रवारी इरावतीला फोन केला होता. मुलगी भली होती. 'मॅडम, सरांनी जरा डिटेलमध्येच लिहिलंय हो,' असं म्हणताना तिलाच वाईट वाटत होतं. रेफरन्सचं नाव सिस्टीममध्ये लॉक झालं होतं, त्यामुळे दुसऱ्या शिक्षकाकडून चालणार नव्हतं. पण याच सरांनी सोमवारी सकाळच्या आत नवीन काही पाठवलं, तर आधीचं तिने पाहिलंच नाही असं ती समजणार होती.

"नाना, मला एक सांगा," मिहिर म्हणाला. "कंपनीने तुम्हाला त्याचं चरित्र विचारलं होतं का?"

"चारित्र्य विचारलं होतं."

"अहो, ती फॉरमॅलिटी असते! 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर.' संपलं. माझ्या क्लासमधली मुलं झोपेत लिहितात."

"मग वाचणाराही झोपेतच वाचत असणार. माझं निदान त्या मुलीने पूर्ण वाचलं."

"हेच! हेच तुमच्या शिक्षणाने केलं." मिहिर उठून उभा राहिला. तो क्लासमध्येही या ठिकाणी उभा राहायचा. "शाळा कशासाठी असते? पोरगं चार ठिकाणी उभं राहावं म्हणून. तुम्ही मूल्यशिक्षण, मूल्यशिक्षण करून काय दिलंत त्याला? साधं 'मला तुमच्या कंपनीचं व्हिजन आवडलं' एवढं बोलता येत नाही त्याला. मी महिनाभर क्लास घेतला त्याचा. म्हणतो, मामा, व्हिजन म्हणजे नक्की काय आहे त्यांचं? मी म्हटलं, ते कोणालाच माहीत नसतं रे गाढवा, म्हणून तर आवडलं म्हणायचं!"

"आणि तुझी मुलं काय करतात पुढे?"

"कामाला लागतात."

"आणि मग?"

"मग काय मग? कामाला लागल्यावर पुढे काय असतं?"

नानांनी बडीशेपेची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्यांच्या मते तो मुद्दा त्यांनी जिंकला होता. मिहिरच्याही मते तो त्यानेच जिंकला होता. दोघं थोडा वेळ समाधानाने चघळत राहिले.

इरावतीला दोघांच्याही डोक्यात बशी घालावीशी वाटत होती. लहानपणापासून ती या घरात हेच ऐकत आली होती. नाना मुख्याध्यापक असूनही मूल्यशिक्षणाचा तास स्वतः घ्यायचे, आणि आई त्याच शाळेत कार्यानुभव शिकवायची. साच्यातून खडू पाडणे, बटण लावणे, प्लगची वायर जोडणे. जेवताना एकाने 'सचोटी' म्हणायचं आणि दुसरीने 'पण फ्यूज बसवता येतो का?' म्हणायचं, यावर तिचं बालपण गेलं. तिने शेवटी विमा कंपनीत नोकरी धरली. तिथे सचोटी आणि फ्यूज दोन्ही लागत नाहीत.

"चंदू, तू तरी बोल ना," ती नवऱ्याला म्हणाली.

चंद्रप्रकाश सावंत आतापर्यंत सोलकढीच्या पेल्याआड होते. वडील कणकवलीहून येऊन गिरणीत लागलेले, ते स्वतः पालिकेच्या पाणी खात्यात हेडक्लार्क. सासुरवाडीत ते नेहमी शुद्ध बोलायचे. मालवणी बाहेर आली की प्रकरण गंभीर आहे असं समजलं जायचं.

"नाना," ते शुद्ध बोलले, "दाखला रद्द करायचं कारणच नाही. आमच्याकडे एकदा निघालेलं पत्र आम्ही कधीच चुकीचं म्हणत नाही. आम्ही शुद्धिपत्रक काढतो. मूळ पत्र तसंच राहतं. खाली फक्त लिहायचं, की अमुकऐवजी तमुक असे वाचावे."

मिहिरच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "भावजी, झकास! म्हणजे 'आळसामुळे' ऐवजी..."

"'शांत स्वभावामुळे' असे वाचावे," चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलंच होतं.

"'सकाळी उठत नाही' ऐवजी 'संध्याकाळी विशेष कार्यक्षम'!"

"नको रे," इरावती म्हणाली. "नाईट शिफ्ट देतील त्याला."

"'काम हाती घेत नाही' ऐवजी 'कामाची निवड विचारपूर्वक करतो' असे वाचावे."

"'तो माझा नातू आहे' याचं काय?"

चंद्रप्रकाश विचारात पडले. "त्याऐवजी 'तो माझा विद्यार्थी आहे' असे वाचावे. दोन्ही खरंच आहे."

नाना हे सगळं कौतुकाने ऐकत होते. त्यांना भाषेचं काम नेहमीच आवडायचं. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"शुद्धिपत्रक चूक झाली तर निघतं, चंद्रप्रकाश. यात माझी चूक दाखवा, मी सही करतो."

"वाट लागली," मिहिर म्हणाला आणि खाली बसला.

स्वयंपाकघरातून शुभाआजी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी आतूनच सगळं ऐकलं होतं. त्या घरात भिंती होत्या, पण त्यांचा उपयोग फक्त कॅलेंडर लावायला व्हायचा.

"अहो, तुमच्याकडे एक रबरी शिक्का होता," त्या म्हणाल्या. "'वर्तणूक: चांगली.' आठवतो?"

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"शाळा सोडल्याच्या प्रत्येक दाखल्यावर तो शिक्का. खंडूने शाळेची घंटा पळवली. नुसती पळवली नाही, विकली. आपण पितळी ताट बडवून शाळा सुटल्याचं सांगायचो. त्याच्या दाखल्यावर काय होतं?"

"चांगली," नाना हळूच म्हणाले.

"आणि तो शिवदास? प्रयोगशाळेतला सांगाडा ज्याने बसने आरे कॉलनीत फिरवून आणला? सांगाड्याचं अर्धं तिकीट काढलं होतं."

"चांगली. पण शुभा, त्या मुलांना मी ओळखत नव्हतो. तासाला समोर बसायची, निघून जायची. न ओळखता एखाद्याला वाईट कसं म्हणायचं? शौनकला मी ओळखतो."

"म्हणजे परका असला की चांगला, आणि घरचा असला की चौकशी."

"मी त्याच्याबद्दल विचार करून लिहिलं. दोन दिवस विचार केला. कोणाबद्दलच इतका केला नव्हता."

हे ऐकताना शुभाआजींच्या लक्षात आलं की हा माणूस हट्टाने बसलेला नाही. याला खरंच वाटतंय की आपण नातवाला काहीतरी दिलंय. त्यांची चिडचिड अर्ध्यावरच राहिली. तरी त्यांनी ती सोडली नाही, कारण बाकीचा हिशोब जुना होता.

"परीक्षा जवळ आली की गणिताचे सर माझा तास मागायचे. तुम्ही सही करून देऊन टाकायचात. मूल्यशिक्षणाचा तास मागायची कोणाची हिंमत नव्हती, मुख्याध्यापकांचा ना! म्हणून या पोराला सचोटी आली, लसावि आला, बटण काही आलं नाही. त्याला माझेही तास मिळाले असते, तर आज नुसता दाखल्यावर नसता अडकला."

"बरोबर!" मिहिर म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या शर्टाचं बटण अजून मी लावते."

बैठकीतले दोन पक्ष आता तीन झाले होते आणि इरावतीला आपण कोणत्या पक्षात आहोत ते कळेनासं झालं होतं. तेवढ्यात चंद्रप्रकाशांनी पेला खाली ठेवला.

"नाना, माका एक सांगूचा आसा."

सगळे वळले. मालवणी बाहेर आली होती.

"तुमी लिवलास, सकाळी उठत नाय. ता चुकीचा आसा." त्यांनी इरावतीकडे बघायचं टाळलं. "बुधवारी मी कामावर जाताना तो माका घाटकोपरच्या मेट्रोत गावलो. इस्त्रीचो शर्ट, बॅग, सगळा. म्हटलं, खय रे? तर म्हणतो, बाबा, कोणाला सांगू नका. प्रॅक्टिस करतोय."

"कसली प्रॅक्टिस?" इरावतीने विचारलं.

"ऑफिसात जायची. अंधेरीक गेलो, त्या कंपनीच्या गेटसमोर उबो रवलो आणि परत इलो. बॅग बघितलंय मी. रिकामी होती."

इरावतीला बुधवार आठवला. रजा असल्यामुळे ती उशिरा उठली, तेव्हा शौनक अंथरुणात होता आणि डोक्यावरून पांघरूण होतं. म्हणजे तो जाऊन, येऊन, परत झोपला होता. पांघरुणाखाली इस्त्रीचा शर्ट असणार. तिला एकदम रडू यायला लागलं आणि ते परतवायला तिने मिहिरला उगाचच 'हसू नको' असं सांगितलं. तो हसत नव्हता.

नाना आरामखुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, पण यावेळी कोणी हात पुढे केला नाही, कारण त्यांचा चेहरा हात देण्यासारखा राहिला नव्हता.

"म्हणजे मी खोटा दाखला दिला," ते म्हणाले.

"तसं नाही नाना..."

"तसंच. तो सकाळी उठला होता आणि मी लिहिलं उठत नाही. चौकशी न करता लिहिलं. चंद्रप्रकाश, पेन."

चंद्रप्रकाशांनी नवा कागद पुढे केला. नानांनी टेबलाशी बसून लिहिलं: 'सकाळी उठत नाही' ऐवजी 'सकाळी उठतो' असे वाचावे.

"'नियमितपणे' घाला," मिहिर हळूच म्हणाला.

"एकदाच उठलाय तो."

"नाना, प्लीज. एक शब्द."

नानांनी शुभाआजींकडे पाहिलं. त्यांनी मदत केली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "रिकामी बॅग घेऊन गेला होता हो."

आयुष्यभर सही आणि शिक्का यांच्यामध्ये नानांना कधी विचार करावा लागला नव्हता. आता एक शब्द होता आणि तो शिक्क्यासारखा उमटत नव्हता, अक्षर अक्षर काढावा लागत होता. गेटसमोर उभा असलेला शौनक त्यांना दिसत होता. वॉचमनने विचारलं असेल, कोणाला भेटायचंय? त्यावर त्याने काय सांगितलं असेल? खोटं तर सांगितलं नसणार. नानांनी 'नियमितपणे' लिहिलं. मग एकदा नियम मोडल्यावर त्यांचा हात मोकळा झाला. 'आळसामुळे' ऐवजी 'शांत स्वभावामुळे' असे वाचावे. तेही लिहिलं. खाली सही केली आणि पेनला टोपण लावलं. कोणी टाळी वाजवली नाही, पण इरावती सवयीने कोराच चहा ठेवायला उठली.

आतलं दार उघडलं.

शौनक झोपलेला नव्हता. खरं तर त्या दुपारी त्या घरात पेंग न येणारा तो एकटाच होता. तो टेबलापाशी आला, शुद्धिपत्रक वाचलं, मग मिहिरच्या मोबाईलवर मूळ दाखला वाचला. तो त्याला आतापर्यंत कोणी दाखवलाच नव्हता. 'खुर्चीविषयी आस्था' इथे त्याला हसू आलं. मग ते गेलं.

"नाना, हे भारी लिहिलंय तुम्ही."

"ते विसर. हे नवीन बघ. हे मिहिर पाठवतोय आत्ता."

"नवीन खोटं आहे ना पण. मी एकदाच उठलो."

"शौनक," इरावती म्हणाली, "तुला ती नोकरी हवी आहे ना?"

"खूप हवीये गं आई. मी शर्ट घालून झोपलो होतो." तो खाली बसला. "पण मला तिथे कोणीतरी विचारणार, काय रे, तुझे सर लिहितात तू नियमितपणे उठतोस? मी काय म्हणू? मला येतच नाही ते. मामाने महिनाभर घेतला, तरी नाही आलं."

"कोणी विचारत नाही रे!" हे नाना म्हणाले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "'नियमितपणे' म्हणजे काय? तो नुसता एक शब्द असतो. सगळे लिहितात. कोणी वाचत नाही."

"तुम्ही वाचता ना पण. तुम्ही अर्धविरामसुद्धा वाचता."

"मी लिहिलंय ना? पाप असेल तर माझं. तू गप्प राहायचं फक्त."

"नाना, सहावीत तुम्हीच म्हणाला होतात, गप्प राहणं पण..."

"सहावीत मी पुष्कळ काय काय म्हणालो!" नाना ओरडले. ते ओरडल्याचं त्या घरात कोणाला आठवत नव्हतं. "पाठ्यपुस्तकात असायचं म्हणून म्हणायचो! सगळ्या वर्गाने ऐकलं आणि विसरून गेले, चांगले नोकरीला लागले. तुलाच कसं लक्षात राहिलं?"

शौनकने मोबाईल घेतला आणि रुचिराला फोन लावला. स्पीकर चुकून लागला असेल, किंवा लोकांना ऐकू द्यावं असंच त्याच्या मनात असेल.

"मॅडम, शौनक सावंत बोलतोय. रविवारी त्रास देतोय, सॉरी. ते सरांचं आधीचंच राहू द्या. हो, तेच. फक्त एक करेक्शन आहे. 'सकाळी उठत नाही'च्या पुढे 'एकदा उठला होता' एवढं घालता येईल का? थँक्यू. नाही, नाही, मला कळतंय. हो. नाही मॅडम, व्हिजन मला खरंच नाही सांगता येणार."

फोन ठेवून तो आजीला म्हणाला, "दूध आहे का गं घरात? आमच्याकडे फ्रिज नवीन आहे." आणि ती हसत हसत रडायला लागल्यावर तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, काही न बोलता, जसा तो नेहमी राहायचा.

मिहिरने शुद्धिपत्रकाची घडी करून खिशात घातली. क्लासला उपयोगी पडेल असं तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. नाना टेबलापाशीच बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी उरलेल्या कोऱ्या कागदावर समास सोडला आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं.

प्रति,
मा. शिक्षण विभाग.

विषय: दिलेले मूल्यशिक्षण परत घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चि. शौनक चंद्रप्रकाश सावंत यास शालेय जीवनात अधोस्वाक्षरीकाराने दिलेले मूल्यशिक्षण अपेक्षेपेक्षा जास्त लागू पडले असून, त्यामुळे सदर विद्यार्थ्याच्या रोजगारात अडथळा निर्माण झाला आहे. असे प्रकरण माझ्या सेवाकाळात यापूर्वी उद्भवलेले नाही. तरी सदर मूल्यशिक्षण शासनाने पूर्वलक्षी प्रभावाने, शक्यतो सोमवारी कार्यालये उघडण्यापूर्वी, परत घ्यावे. संपूर्ण परत घेणे शक्य नसल्यास निम्मे घ्यावे. मात्र त्यातील वृद्धांशी वागण्याचा भाग विद्यार्थ्याकडेच राहू द्यावा, ही नम्र विनंती.